साडेचार लाख थांबवा, आधी ब्लॉक मागवा

प्रिय ताई,

माझी आई ६१ वर्षांची आहे. दिवाळीनंतर तिचं पोट फुगायला लागलं. महिनाभर गॅसच्या गोळ्या झाल्या, मग सोनोग्राफी, मग पोटातलं पाणी काढून तपासणी. ओव्हरीचा कॅन्सर, तिसरी स्टेज. रिपोर्टवर ‘हाय ग्रेड सीरस’ असं लिहिलंय. तीन केमो, ऑपरेशन, परत तीन केमो असं सगळं पार पडलं. शेवटच्या केमोला तीन आठवडे झाले. रक्तातली कॅन्सरची खूण, सीए-१२५, हजाराच्या वर होतं, ते आता १८ आहे. डॉक्टर समाधानी आहेत.

माझा दादा हिंजवडीत आयटीत आहे. तो रात्र रात्र नेटवर बसतो. त्याने मला एक रिसर्च पेपर पाठवला. त्यात म्हटलंय की ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशींतला एक जीन बंद केला की त्यांची वाढ थांबते आणि उंदरातली गाठही लहान होते. आता त्याला एक सेंटर सापडलंय, ते ‘जीन सायलेन्सिंग थेरपी’ देतात. सहा सलाइनचे साडेचार लाख, साइड इफेक्ट शून्य. दादा एफडी मोडायला निघालाय. बाबा म्हणतात, निदान कुणाला तरी विचार.

ऑपरेशननंतर आमच्या डॉक्टरांनी आईची जीनची एक तपासणी सुचवली होती, वीसेक हजारांची. तेव्हा आधीच खूप खर्च झाला होता. आई म्हणाली, “आता कळून काय उपयोग, व्हायचं ते झालं.” म्हणून ती राहिली.

जीन बंद करून खरंच गाठ थांबते का? आणि आईला ते मिळेल का?

— एक मुलगी, धायरी

*

ताई म्हणून लिहिलंत, तर ताईच्या हक्काने आधी उत्तरं देऊन टाकते. एफडी मोडायला निघालेल्या घरात प्रस्तावना वाचायला कुणाला सवड नसते.

गाठीच्या पेशींतलं नेमकं जनुक बंद केलं तर त्यांची वाढ मंदावते, हे खरं आहे. डिशमध्ये मंदावते, उंदरात मंदावते. आईला मात्र ते औषध म्हणून आज मिळणार नाही. त्या सेंटरमध्ये नाही आणि अमेरिकेत गेलात तरी नाही, कारण या पद्धतीचं एकही औषध अजून कुठल्याच कॅन्सरसाठी मंजूर झालेलं नाही. साडेचार लाख भरू नका.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं सांगू? ती राहून गेलेली वीस हजारांची तपासणी. तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिलीत. माझ्या मते सगळं पत्र त्या चार ओळींत आहे. उद्या सकाळी हॉस्पिटलला फोन करा आणि त्या तपासणीसाठी आईच्या गाठीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, मागवा. घाई का करायची ते सांगते, पण त्यासाठी दादाच्या पेपरपासूनच सुरुवात करावी लागेल. तो ज्याच्या मागे लागलाय आणि तुम्ही जे मागे ठेवलंय, ते दोन्ही एकाच कामातून आलेलं आहे.

(मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात नोकरी गेली. कुठलं औषध, किती, केव्हा, हे आईच्या ऑन्कॉलॉजिस्टनेच ठरवायचं.)

जनुक स्वतः काही करत नाही. त्याची एक नक्कल निघते, तिला एम-आरएनए म्हणतात. ती वाचून पेशी प्रथिन बनवते आणि पुढचं सगळं काम ते प्रथिन करतं. दादाच्या पेपरातल्यासारख्या प्रयोगात मूळ डीएनएला कुणी हात लावत नाही, मधली नक्कल तेवढी कापली जाते. नक्कल गेली की प्रथिन बनत नाही. हे कापायची यंत्रणा पेशीत आधीपासूनच असते. साधारण २१ अक्षरांचा दुहेरी आरएनएचा तुकडा आत सोडला की आर्गोनॉट नावाचं प्रथिन त्यातली एक बाजू धरून ठेवतं, तिच्याशी जुळणारी नक्कल शोधतं आणि कापून टाकतं.

याची सुरुवात फुलांपासून झाली. १९९० च्या सुमारास पेटुनियाचा जांभळा रंग आणखी गडद करायला गेलेल्या शास्त्रज्ञांच्या हाती पांढरी फुलं आली, आणि कारण कुणालाच सांगता येईना. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीत त्याचा उलगडा केला. २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मधे २००१ साली थॉमस टुश्ल यांच्या गटाने हेच माणसाच्या पेशींत करून दाखवलं. तिथून जगभरच्या कॅन्सर प्रयोगशाळांत जो तो एकेक जनुक बंद करून बघायला लागला. चांगलं होतं ते. पूर्वी एका जनुकाचं काम कळायला वर्षं जायची, आता आठवड्यात अंदाज यायला लागला.

प्रयोग दिसायला साधा असतो. गुलाबी द्रवात, ३७ अंशांना वाढणाऱ्या पेशी घ्यायच्या. अर्ध्या डिशमध्ये त्या जनुकाशी जुळणारा तुकडा सोडायचा, उरलेल्या अर्ध्यांत कशाशीच न जुळणारा. दोन-तीन दिवस थांबायचं. प्रथिन खरंच कमी झालं का ते वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनाच्या चाचणीवर बघायचं, मग किती पेशी जिवंत आहेत ते मोजायचं. त्यासाठी एक पिवळा रंग घालतात, जिवंत पेशी तो जांभळा करतात. मग किती वसाहती उगवल्या, जेलच्या थरातून किती पेशी पलीकडे घुसल्या, हे मोजतात. शेवटी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या कातडीखाली पेशी टोचून गाठ केवढी होते ते बघायचं. दादाच्या पेपरात हेच सगळं असणार, याच क्रमाने.

आता दादाला न दिसलेला भाग.

पेशींची वाढ कमी होणं ही फार सोपी गोष्ट आहे. पेशी जिवंत राहायला हजारो प्रथिनं लागतात, त्यातलं कुठलंही बंद पाडा, वाढ कमी होईलच. तुकडा आत ढकलायला वापरलेलं तेलकट रसायन जास्त झालं तरी पेशी मरतात. तुकडा भलत्याच नकलेशी थोडाफार जुळला तरी मरतात. म्हणून असा पेपर हातात आला की मी आधी दोन गोष्टी शोधते. एकाच जनुकावर दोन वेगवेगळे तुकडे वापरून तोच परिणाम आलाय का, आणि ते प्रथिन पेशीला परत दिल्यावर वाढ परत आलीय का. दुसरी गोष्ट फारच कमी पेपरांत सापडते. निरोगी पेशींवर तेच करून बघितलंय का, हा तिसरा प्रश्न. आणि औषधाच्या बाजूने पाहिलं तर खरा प्रश्न तोच, कारण सगळ्याच पेशी मारणाऱ्या गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत.

पेशी कुठल्या वापरल्या तेही बघावं लागतं. ओव्हरीच्या कॅन्सरवरच्या कामात एसके-ओव्ही-३ आणि ए-२७८० या दोन प्रकारच्या पेशी वर्षानुवर्षं सर्रास वापरल्या गेल्या. हाताळायला सोप्या, भराभर वाढतात. २०१३ मध्ये ४७ पेशीप्रकारांची जनुकं खऱ्या रुग्णांच्या गाठींशी ताडून पाहिली, तेव्हा हे दोन्ही हाय ग्रेड सीरसशी फारसे जुळत नाहीत असं निघालं. म्हणजे आईला जो आजार आहे त्याच्याबद्दल त्या पेशी फार काही सांगतच नाहीत. तरी त्या वापरून पेपर येत राहिले. दादाने पाठवलेल्या पेपरात कुठल्या पेशी आहेत, ते पद्धतीच्या भागात त्याने एकदा वाचावं.

आणि एक कडू गोष्ट. ‘अमुक जनुक बंद केलं, अमुक कॅन्सरची वाढ थांबली’ या साच्यातले पेपर पैसे घेऊन बनवून विकले जातात. ऑस्ट्रेलियातल्या जेनिफर बर्न यांच्या ध्यानात आलं की असे कित्येक पेपर एकमेकांसारखे दिसतात आणि त्यांत छापलेला तुकडा ज्या जनुकाचा म्हणून सांगितलाय त्याच्याशी जुळतच नाही. त्यांनी सिरिल लाबे यांच्याबरोबर असे चुकीचे तुकडे पकडणारं सॉफ्टवेअरच बनवलं. दादाचा पेपर तसला आहे असं मी म्हणत नाही. पण आयटीतल्या माणसाला एवढं कळायला हरकत नाही, की एका पेपरावर एफडी मोडायची नसते.

बरं, पेपर चांगला आहे असं धरून चालू. तरी हाय ग्रेड सीरस हा या पद्धतीला मुळातच अवघड आजार आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रकल्पात ४८९ गाठींची तपासणी झाली. त्यांतल्या ३१६ गाठींची जनुकं अक्षर अक्षर वाचली, तेव्हा ९६ टक्के गाठींत टीपी-५३ हे जनुक बिघडलेलं निघालं. डीएनए तुटला तर पेशीला थांबवायचं, दुरुस्त होत नसेल तर मारून टाकायचं, हे त्याच्या प्रथिनाचं काम. म्हणजे या आजारात मुळातला बिघाड हा बहुधा चालू हवं ते बंद पडल्याचा आहे. बंद पडलेल्याला आणखी बंद करून काय मिळवणार? काही गाठी तर स्वतःच जनुकं बंद करतात. साधारण दहातल्या एका गाठीत बीआरसीए-१ हे दुरुस्तीचं जनुक शाबूत असतं, पण त्याच्या तोंडाशी रासायनिक खुणा चिकटवून गाठीने ते मिटवून टाकलेलं असतं. या खुणा गेल्या की जनुक परत चालू होतं, आणि मग दुरुस्ती बंद असण्यावर बेतलेलं औषध लागू पडेनासं होऊ शकतं.

उलट्या जातीचे बिघाडही असतात, नाही असं नाही. सुमारे पाचव्या हिश्श्याच्या गाठींत सायक्लिन-ई या प्रथिनाच्या जनुकाच्या वाजवीपेक्षा जास्त प्रती झालेल्या असतात आणि पेशी त्याच्या जोरावर विभागत सुटतात. अशा पेशींत ते जनुक बंद केलं की त्या मरतात. ज्यांत प्रती जास्त नाहीत, त्यांना विशेष काही होत नाही. दादाला हे नक्की दाखवा. आजाराचं नाव तेच, पण एकीच्या गाठीत जे बंद करून उपयोग होईल त्याचा दुसरीच्या गाठीवर काडीचा परिणाम होणार नाही. तेव्हा आधी गाठ कुणाची आहे आणि तिच्यात काय बिघडलंय ते माहीत हवं. तुम्ही ते अजून बघितलेलंच नाही.

मग प्रयोगशाळेतून ते सलाइनमध्ये का आलं नाही? जनुक बंद करणारी औषधं आहेत, आणि चांगली आहेत. २०१८ मध्ये पहिलं आलं, पॅटिसिरान, मज्जातंतूंच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावर. नंतर कोलेस्टेरॉलसाठी इन्क्लिसिरान आलं. सुरुवातीचे डोस झाले की वर्षातून दोन इंजेक्शनं पुरतात. दोन्हींचं काम यकृतात होतं. रक्तात सोडलेलं असलं औषध यकृतात पोहोचवणं त्यातल्या त्यात सोपं असतं, शिवाय यकृताच्या पेशी सहसा विभागत नाहीत, त्यामुळे एकदा आत गेलेला तुकडा महिनोन्महिने काम करत राहतो.

गाठीचं सगळंच वेगळं. उघडा आरएनए रक्तात टिकत नाही, मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. म्हणून त्याला तेलकट सूक्ष्म कणांचा आधार द्यावा लागतो. दादाच्या ऑफिसपासून जवळच, हिंजवडीतल्या जेनोव्हाने देशातली पहिली एम-आरएनए लस बनवली, तिला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली; तिलाही असल्या कणांवाचून चाललं नाही. पण लस दंडात टोचायची असते. गाठीत, तेही पोटभर पसरलेल्या बारीक दाण्यांत, असे कण पोहोचवणं फार कठीण. पोहोचले तरी पेशी त्यांना एका पिशवीत कोंडून ठेवते, आणि त्यातला अगदी थोडा भाग निसटून कामाच्या जागी जातो. त्यावर कॅन्सरच्या पेशी सतत विभागत असतात. दर विभागणीला आतला तुकडा अर्धा अर्धा होत जातो, आठवड्याभरात परिणाम ओसरतो. इन्क्लिसिरानचे सहा महिने आणि हा एक आठवडा. ‘सहा सलाइनमध्ये कोर्स पूर्ण’ म्हणणाऱ्याला हे माहीत नसेल किंवा त्याला तुम्हाला ते सांगायचं नसेल.

प्रयत्न झालेत. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये अनिल सूद यांच्या गटाने २००५ मध्येच उंदरांतल्या ओव्हरीच्या गाठींत ‘एफ-ए-टू’ नावाचं जनुक अशा कणांनी बंद करून दाखवलं. केमोची जोड दिल्यावर गाठी आणखी लहान झाल्या. त्यातून माणसांवरची पहिल्या टप्प्याची चाचणीही उभी राहिली. पहिला टप्पा म्हणजे औषध झेपतं का आणि किती झेपतं एवढंच बघायचं. २००५ मध्ये उंदरांत जमलेलं काम अजून औषधाच्या दुकानात आलेलं नाही, यावरून पल्ला किती ते समजा. आपल्या पुण्यातही या आजारावर महत्त्वाचं काम झालंय. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. शर्मिला बापट यांच्या गटाने २००५ मध्ये एका रुग्णाच्या पोटातल्या पाण्यातून वाढवलेल्या पेशींत स्टेम सेलसारख्या पेशी दाखवल्या. आईच्या पोटातून काढलं तसंच पाणी. २००९ मध्ये त्याच गटाने स्नेल आणि स्लग या दोन प्रथिनांचा संबंध केमोला दाद न देण्याशी जोडला. केमोनंतर उरलेल्या मूठभर पेशी परत आजार कसा उभा करतात, हे अशा कामांतून उलगडत गेलं. त्यातलं कुणी सलाइनची बाटली घेऊन दारात आलं नाही, कारण ते काम त्यासाठी नसतंच.

ते कशासाठी असतं, त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्याच आईला लागू पडण्याची शक्यता आहे.

पेशीतला डीएनए रोज तुटतो आणि रोज दुरुस्त होतो. दुरुस्तीचे मार्ग एकाहून अधिक असतात. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि सगळी गर्दी लकडी पुलावर येते. उशीर होतो, पण पलीकडे पोहोचतो. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ बिघडलेल्या गाठीचा एक पूल आधीच बुडालेला असतो, ती दुसऱ्यावर तगून असते. तो दुसराही बंद केला तर? शरीरातल्या बाकीच्या पेशींचा पहिला पूल शाबूत आहे, त्या निभावतात. गाठीची पेशी अडकते आणि मरते. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या दोन गटांनी हेच दाखवलं. पार्प नावाच्या दुरुस्तीच्या प्रथिनाचं जनुक त्यांनी बंद केलं, आणि बीआरसीए नसलेल्या पेशी मेल्या. पार्प अडवणारी रसायनं वापरली, तरी त्या मेल्या. म्हणजे दादा म्हणतो तेच, जीन सायलेन्सिंग. फरक एवढाच, की जनुक बंद करून कुठे घाव घालायचा ते त्यांनी ठरवलं, आणि घाव घातला तो गोळीने.

ती गोळी, ओलापरिब, अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये मंजूर झाली. २०१८ मध्ये सोलो-१ या चाचणीचे निकाल आले. त्यात तुमच्या आईसारख्याच बायका होत्या: वाढलेला आजार, नुकतंच निदान, प्लॅटिनम असलेल्या औषधाच्या केमोला चांगला प्रतिसाद, आणि बीआरसीए बिघडलेलं. ३९१ जणी. काहींना दोन वर्षं ओलापरिब दिलं, काहींना नुसती साखरेची गोळी. आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ओलापरिबने ७० टक्क्यांनी कमी झाला. सात वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी ६७ टक्के हयात होत्या, साखरेची गोळी मिळालेल्यांपैकी ४६.५ टक्के. ओव्हरीच्या कॅन्सरच्या इतिहासात असे आकडे सहज सापडत नाहीत.

आता घाईचं कारण. त्या चाचणीत शेवटच्या केमोनंतर आठ आठवड्यांच्या आत गोळी सुरू केली होती. तुमचे तीन गेले. रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे लागू शकतात. म्हणजे हिशेब अगदी तंगीत आहे, आणि दादाने सेंटरशी बोलण्यात घालवलेला प्रत्येक आठवडा त्यातूनच जाणार. आठ आठवडे उलटले म्हणजे दार लागलंच असं नाही, ते डॉक्टर बघतील, पण मुद्दाम उशीर कशाला करायचा? सीए-१२५ १८ वर आलं ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही तिसऱ्या स्टेजचा हा आजार बहुतेक जणींत काही वर्षांत परत डोकं वर काढतो, आणि केमो संपल्यानंतरचा हाच काळ तो लांबवण्याचा असतो. हे वाचायला जड जाईल, मला कल्पना आहे.

डॉक्टरांना दोन तपासण्यांबद्दल विचारा. एक रक्ताची: बीआरसीए-१ आणि २ मध्ये जन्मापासून आलेला बिघाड आहे का. या आजाराच्या रुग्णांत तो साधारण १५ ते २० टक्के जणींत सापडतो. दुसरी गाठीची: बिघाड फक्त गाठीत झालाय का, आणि एकूण दुरुस्तीच कोलमडलेली आहे का. दुसऱ्या भागाला एचआरडी म्हणतात. बीआरसीए चांगलं असूनही एचआरडी असू शकतं, आणि मग पार्प अडवणाऱ्या गोळ्यांचा काही ना काही फायदा होतो, एकट्याने किंवा बेव्हॅसिझुमॅब या दुसऱ्या औषधाच्या जोडीने. दोन्ही निगेटिव्ह आलं तर गोळीचा फायदा बराच कमी असतो. तेव्हा ती न घेण्याचाही विचार होऊ शकतो, आणि तो विचार करायलाही रिपोर्टच लागतो.

‘साइड इफेक्ट शून्य’ मी म्हणणार नाही. या गोळ्यांनी मळमळ होते, थकवा येतो, हिमोग्लोबिन उतरतं, कधी रक्त चढवावं लागतं. शंभरात एक-दोघींना पुढे रक्ताचा गंभीर आजार होऊ शकतो. त्या महागही आहेत. दोन वर्षांचा हिशेब डॉक्टरांसमोर बसून करा, पर्यायी कंपन्यांचे भाव विचारा, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन कुठली मदत योजना लागू होते ते विचारा. तपासणीसुद्धा काही ठिकाणी औषध कंपन्यांच्या योजनेतून सवलतीत होते. दादाची एफडी मोडायचीच असेल तर ती इथे मोडू दे.

“आता कळून काय उपयोग” या आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं तुम्हा भावंडांचं आहे. रक्तात बिघाड सापडला तर तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी, दादात असण्याचीही निम्मीच. मुलगा आहे म्हणून तो सुटत नाही. त्याच्याकडून त्याच्या मुलीकडे जाऊ शकतो, आणि पुरुषांतही प्रोस्टेट आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या बाईला ८० वर्षांपर्यंत ओव्हरीचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के असते, बीआरसीए-२ मध्ये १७. स्तनाची जोखीम त्याहून जास्त. हे आधी कळलं तर करण्यासारखं पुष्कळ असतं. स्तनांची नियमित तपासणी लवकर सुरू करता येते. मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान, अंडाशय आणि नळ्या काढून टाकण्याचा विचार करता येतो. नळ्याही, कारण हा आजार बऱ्याचदा अंडाशयात नाही, नळीच्या टोकाशी सुरू होतो. तुम्ही मात्र आत्ता रक्त द्यायला धावू नका. आधी आईचा रिपोर्ट, मग जेनेटिक काउन्सेलरशी बोलणं, मग तुमचं. मावशी असेल तर तिलाही सांगावं लागेल. ते बोलणं सोपं नसतं. आईनेच फोन केलेला बरा.

आईला समजवायला जाल तेव्हा आकडे सांगू नका. ‘माझ्यासाठी कर’ म्हणा. ती नाहीच म्हणाली तर मात्र तिच्या रक्ताचा निर्णय तिचा, तिथे जबरदस्ती नको.

सेंटरचं राहिलं. दादा ऐकणार नाही हे मी गृहीत धरते, म्हणून त्यालाच कामाला लावा. त्याने तिथे चार गोष्टी लेखी मागाव्यात: कुठलं जनुक बंद करणार, औषधाचं नाव काय, केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी कुठे आहे, आणि चाचणी असेल तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय. सीटीआरआय ही देशातल्या औषध चाचण्यांची सरकारी नोंदवही, २००९ पासून सक्तीची, नेटवर कुणालाही फुकट बघता येते. खऱ्या चाचणीत रुग्ण चाचणीच्या औषधाचे पैसे देत नाही, आणि त्या औषधाने काही इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात, नियमच आहे तसा. साडेचार लाख मागितले, इथेच खरं तर विषय संपतो. त्यात त्यांनी ‘आधी बाकीची औषधं बंद करा’ असं सुचवलं असेल तर मला कळवू नका, सरळ तुमच्या डॉक्टरांना कळवा. आईला खरंच चाचणीत भाग घ्यायचा असेल तर त्याच नोंदवहीत ओव्हरीचा कॅन्सर टाकून दादाने शोधावं आणि यादी घेऊन ऑन्कॉलॉजिस्टकडे जावं. रात्री जागून नेट धुंडाळणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगलं काम मला तरी सुचत नाही.

उद्याच्या फोनवर एवढंच विचारा: ऑपरेशनच्या वेळचा ब्लॉक पॅथॉलॉजीत आहे ना, आणि तपासणीला तुम्ही पाठवता की आम्ही न्यायचा? केमोच्या आधी पोटातून किंवा गाठीतून घेतलेला नमुना असेल तर त्याचाही ब्लॉक विचारून ठेवा. केमोनंतरच्या ऑपरेशनमध्ये कधी कधी जिवंत गाठ इतकी थोडी उरते की तपासणीला पुरत नाही. तुम्हालाच न्यायचा असेल तर आईच्या सहीचा अर्ज, तिचं ओळखपत्र, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची प्रत आणि केमोच्या तारखा सोबत न्या, आणि ब्लॉक मिळाल्याची पोच त्यांच्या वहीत करा. तो मेणाचा असतो, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवून मधेच दुसऱ्या कामाला जाऊ नका.